पक्षाघाताच्या अभ्यासात रक्ताचा नमुना कधी घ्यावा?
सोलापुरात इस्केमिक (मेंदूची रक्तवाहिनी अडल्याने होणाऱ्या) पक्षाघाताच्या रुग्णांवर अभ्यास सुरू करताना तुम्ही रक्तातील निदर्शकांच्या (आजाराचा अंदाज देणाऱ्या पदार्थांच्या) यादीपेक्षा नमुन्याच्या वेळेचा विचार आधी करावा. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून येणारा रुग्ण अनेकदा उशिरा पोहोचतो, आणि मेंदूला इजा झाल्यावर रक्तात वाढणाऱ्या प्रथिनांपैकी एस१००बी साधारण 2 ते 4 दिवसांत, तर न्यूरोफिलामेंट लाइट त्याच्याही बरेच नंतर शिखर गाठत असल्यामुळे, दाखल होण्याची नव्हे तर लक्षणे सुरू झाल्याची वेळ नोंदवावी. ती सांगता येत नसेल तर रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, हे नातेवाइकांना विचारावे. सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिन ठसक्यातून झालेल्या न्यूमोनियानेही वाढते. एनएसई हे चेतापेशींतील विकर (एन्झाइम) तांबड्या पेशींतही असते, म्हणून पेशी फुटलेला नमुना (आपल्या उन्हाळ्यात, दूरवरून आणलेला तर विशेषच) बाद करावा. वय आणि एनआयएचएसएस गुणांवरून (पक्षाघाताची तीव्रता मोजणाऱ्या तपासणीच्या गुणांवरून) रुग्णाच्या पुढच्या स्थितीबद्दल होणाऱ्या भाकितात जो निदर्शक भर घालत नाही, त्यावर रुग्णाचा पैसा खर्च होऊ नये, असे माझे मत आहे.