कोल्हापुरात सोसायटीतला फ्लॅट घ्यावा की स्वतंत्र रो-हाऊस?

तुम्ही विचारलंय की निवृत्तीनंतर पुण्याहून कोल्हापूरला परत यायचंय, बजेटमध्ये आर. के. नगरकडचं छोटं रो-हाऊस बसतंय आणि शहरात 20 फ्लॅटच्या सोसायटीतला टू बीएचकेही बसतोय, तर मेंटेनन्स, नियम आणि मीटिंगांच्या कटकटीत पडावं का. सौंना गुडघ्याचा त्रास आहे हेही लिहिलंय.

मी मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात वाढले. गेली 14 वर्षं नागाळा पार्कच्या बाजूला 16 फ्लॅटच्या इमारतीत राहते, त्यातली 3 वर्षं खजिनदार होते. माझं मत आधीच सांगते: सोसायटी घ्या, पण तिचं दप्तर बघून. फ्लॅटच्या फरशा आणि ओटा बघायला जेवढा वेळ द्याल, त्याच्या दुप्पट वेळ तिच्या हिशेबाच्या वह्यांना द्या.

सोसायटी का, तर मला ऑगस्ट 2019 चा महापूर आठवतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं, आणि 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. आमच्या इमारतीत पाणी शिरलं नाही, पण पाणी उपसा केंद्रंच बुडाल्यामुळे नळ बंद झाले. चहूकडे पाणी आणि घरात घागर रिकामी. लाईटही गेली. त्या संध्याकाळी आम्ही सगळे जिन्यात उभे राहिलो आणि दहा मिनिटांत ठरलं: जनरेटर सकाळ-संध्याकाळ एकेक तास, तेवढ्यात बोअरची मोटार चालवून टाकी भरायची, लिफ्ट बंद, प्यायचं पाणी उकळून. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांत पुरामुळे दुधाळी भागातले पाहुणे आले होते, त्यांनाही त्यातलंच पाणी. डिझेलला पैसे कुणाकडे मागायला लागले नाहीत, कारण आमच्या आधीच्या खजिनदारकाकांनी दर महिन्याला काटेकोर वसुली करून शिल्लक ठेवली होती.

माझी बहीण रो-हाऊसमध्ये राहते. तिचाही बोअर आहे, पण लाईट नसताना मोटार चालवायला काही सोय नव्हती, आणि गल्लीतल्या चार घरांचा मिळून फंड असा कुठून असणार? शेवटी तरुण मंडळाच्या पोरांनी टँकर आणला आणि तिच्या दारात उभा केला. कोल्हापुरात कुणाला वाऱ्यावर सोडत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण मंडळाच्या पोरांनी धावून येणं वेगळं आणि आपल्या हक्काचे पैसे आपल्याच खात्यात तयार असणं वेगळं.

आता त्याच पैशाची दुसरी बाजू. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती निधी किमान 0.75 टक्के घ्यायचा असतो. तुमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च 20 लाख धरला, तर वर्षाला 5,000 आणि 15,000, म्हणजे महिन्याला साधारण 1,670 रुपये फक्त निधीचेच. वॉचमन, झाडलोट, लिफ्टचं कंत्राट हे सगळं त्याच्या वर. मी पाहिलेल्या इमारतींत एवढा निधी क्वचितच गोळा होतो. सगळे मिळून महिना हजार रुपयांत भागवतात, त्याला 'आमच्याकडे मेंटेनन्स कमी आहे' असं अभिमानानं सांगतात, आणि दहाव्या-बाराव्या वर्षी बाहेरचा गिलावा सुटला की प्रत्येकाला एकदम लाखाची पावती येते. तेव्हा कमी मेंटेनन्स ऐकून खूश होऊ नका, बँकेत किती शिल्लक आहे ते विचारा.

त्रास कुठे होतो तेही सांगते. आमच्या टेरेसला गळती लागली. वरच्या चार घरांच्या छताला ओल आली, भिंतींना बुरशी धरली. नियम स्पष्ट आहे: टेरेसमधून पावसाचं पाणी गळलं तर दुरुस्तीचा, आणि त्यामुळे खराब झालेल्या वरच्या मजल्याच्या छताच्या गिलाव्याचाही खर्च संस्थेचा, म्हणजे सगळ्यांचा. तरी खालच्या मजल्यावरचे म्हणाले, "आमच्या डोक्यावर गळत नाही, आम्ही का द्यायचं?" दोन मीटिंगा त्यातच गेल्या, तिसरीला गणसंख्याच भरली नाही. वॉटरप्रूफिंग झालं तोवर दोन पावसाळे उलटले होते. वरच्या घरातल्या आजी त्या दोन्ही पावसाळ्यांत पातेली लावून झोपायच्या. मी तेव्हा खजिनदार होते, आणि पहिल्याच मीटिंगमध्ये उपविधींचं पान सगळ्यांपुढे वाचून दाखवायला हवं होतं, हे मला आजही बोचतं. रो-हाऊसमध्ये छत गळलं की तुम्ही गवंडी बोलावता आणि आठवड्यात काम होतं. खर्च सगळा तुमचा, पण कुणाची मनधरणी नाही. हा फरक लहान नाही.

असंच एक भांडण पापडांवरून झालं. एप्रिलमध्ये सांडगे, कुरडया, चटणीसाठी मिरच्या वाळवणं हे सगळं टेरेसवरच व्हायचं. सोलरच्या नळ्या फुटतात म्हणून एका वर्षी कमिटीनं टेरेसला कुलूप घातलं. बायकांनी त्या वर्षी जनरल मीटिंगला जाऊन ठराव करून घेतला: किल्ली वॉचमनकडे, वहीत सही करून न्यायची, सोलरच्या बाजूला जायचं नाही. आज सात वर्षं झाली, एकही नळी फुटली नाही. पण तोवर जनरल मीटिंगला आमच्यातली एकही जण जात नव्हती, म्हणून ते कुलूप लागलं होतं. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. तिथं बसणार नसाल तर दुसऱ्यांनी केलेले नियम पाळायची तयारी ठेवा.

एक गोष्ट मात्र दलाल सांगणार नाहीत. कोल्हापुरात ज्याला आपण सरसकट सोसायटी म्हणतो, त्यात पुष्कळ इमारती कागदावर 'अपार्टमेंट' असतात, म्हणजे 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डिक्लरेशन (घोषणापत्र) केलेल्या. त्यात फ्लॅट आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा तुमच्या नावावर येतो आणि सामाईक खर्च त्या हिश्श्याच्या टक्केवारीनं वाटला जातो. 1960 च्या सहकार कायद्याखालच्या संस्थेत जमीन आणि इमारत संस्थेची, तुम्ही सभासद. तिथं एका सभासदाला एक मत आणि सेवाशुल्क सगळ्यांना सारखं, मग फ्लॅट वन बीएचके असो की थ्री बीएचके. लिफ्टचा खर्चही तळमजल्यासकट सर्वांना समान. ज्यांचा फ्लॅट लहान, त्यांना हे टोचतं. तुमचा टू बीएचके आहे, तुम्हाला फार फरक पडणार नाही, पण कोणत्या कायद्याखाली राहायला जाताय हे आधी माहीत हवं. सहकारी संस्थेचा एक मोठा फायदा म्हणजे कुणी पैसे थकवले तर उपनिबंधकांकडून वसुलीचा दाखला काढता येतो. आम्ही तो एकदाच काढला. त्यानंतर थकबाकी म्हणून कुणाची राहिलेली नाही.

आणि कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचं हस्तांतरण. आमच्या बिल्डरनं ताबा दिला, पैसे घेतले आणि जमीन संस्थेच्या नावावर करून द्यायला वर्षानुवर्षं टाळाटाळ केली. संस्था नोंदल्यावर 4 महिन्यांत हे व्हायला हवं होतं. शेवटी आम्ही मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डर करून देत नाही म्हणून सरकारकडूनच जमीन नावावर करून घेण्याचा अर्ज केला, आणि जिल्हा उपनिबंधक कार्यालयाच्या फेऱ्या मीच घातल्या. त्या काळात पुनर्विकासाचा विषय सोडाच, साध्या कर्जाच्या कागदांसाठी दोन जणांचे फ्लॅट विकायचे थांबले. सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड (जमीन कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारा उतारा) काढून घ्या आणि त्यावर अजून मूळ जमीनमालकाचं नाव असेल तर का आहे ते विचारा. इमारत नवी असेल तर रेरा या बांधकाम व्यवसायाच्या कायद्याप्रमाणे ताब्यापासून 5 वर्षं बांधकामातले दोष बिल्डरनं स्वखर्चानं काढायचे असतात. त्यातली किती वर्षं उरलीत तेही बघा.

ट्रान्सफर फीच्या नावाखाली कुणी मोठी रक्कम मागितली तर देऊ नका. महानगरपालिका हद्दीत हस्तांतरण प्रीमियमची (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना संस्था घेते त्या रकमेची) कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे, त्याच्यावर 'देणगी' म्हणून मागणं बेकायदेशीर. अधूनमधून पुण्याला मुलांकडे राहिलात आणि फ्लॅट भाड्यानं दिलात, तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही.

सेक्रेटरींना फोन करून सरळ सांगा की मागच्या 3 वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि सभांच्या इतिवृत्ताची वही बघायची आहे. विकणारा सभासद सोबत असला की शक्यतो कुणी नाही म्हणत नाही. वहीत सह्या किती जणांच्या आहेत ते मोजा. 20 फ्लॅट आणि दरवेळी त्याच पाच सह्या असतील, तर तिथं तुमच्याही वाट्याला आमच्या आजींसारखी पातेली येतील.

सौंच्या गुडघ्यांसाठी पहिला किंवा दुसरा मजला बघा, म्हणजे लिफ्ट बंद पडली तरी एक-दोन जिन्यांवर निभावेल. लिफ्टचं वार्षिक देखभालीचं कंत्राट चालू आहे का, तेही त्याच भेटीत विचारून या. आणि रो-हाऊसच घ्यायचं ठरलं, तर निजायची एक खोली खाली काढता येईल असंच घ्या. माझी बहीण आता रोज रात्री रेलिंग धरून वर जाते.