परसातील तळे आणि धाग्यांचे शेवाळ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : घरामागच्या परसात आम्ही दोन वर्षांपूर्वी तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर खोल तळे बांधले. त्यात आठ कोई (शोभेचे रंगीत कार्प मासे) आणि काही गोल्डफिश आहेत. फिल्टर आणि यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा बसवल्यापासून पाणी इतके नितळ झाले आहे की तळाचे दगड दिसतात. मात्र त्याच दगडांवर, कडांवर आणि पंपाच्या जाळीवर हिरव्या केसांसारखे शेवाळ वाढते. हाताने काढले तरी आठवड्याभरात पुन्हा येते. शेवाळनाशक औषध टाकावे का?

उत्तर : औषधाची घाई कृपया करू नये. आपण पाण्याचा नितळपणा आणि शेवाळाची वाढ एकाच पत्रात लिहिली आहे, आणि त्या दोहोंचा संबंध खरोखरच आहे. पाणी हिरवे करणारे शेवाळ सूक्ष्म आणि तरंगते असते. ते पाण्याबरोबर यूव्ही दिव्यासमोरून जाते आणि तेथे नष्ट होते. धाग्यांचे शेवाळ दगडाला धरून वाढते, त्यामुळे ते दिव्यापर्यंत पोहोचतच नाही. उलट पाणी नितळ झाल्यावर ऊन थेट तळापर्यंत उतरते आणि तरंगत्या शेवाळाच्या पोटात जाणारे पोषणही याच धाग्यांच्या वाट्याला येते. दिवा बिघडलेला नाही. हे त्याचे कामच नाही.

हे पोषण बहुतेक वेळा आपल्याच हातून तळ्यात पडते. माशांच्या खाद्यातील प्रथिने पचल्यावर मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. फिल्टरमधील जिवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना फारसे बाधत नाही, म्हणून फिल्टर चांगला चालला आहे असे आपण समजतो, आणि माशांपुरते ते खरेही असते. परंतु नायट्रेट पाण्यातून कोठेही जात नाही, ते साठत राहते, आणि खाद्यातून आलेल्या फॉस्फरससह ते शेवाळाला खत म्हणून मिळते. फिल्टरच्या स्पंजात अडकलेली विष्ठा पाण्याबाहेर गेली असे वाटते, पण ती तेथेच कुजून पुन्हा पाण्यातच विरघळते. आपले तळे सुमारे 6,000 लिटरचे आहे. कोई वाढून दीड-दोन फुटांचे होतात, तेव्हा आठ कोईंसाठी ते दाटीचेच ठरेल, आणि मासे जितके मोठे होतील तितके हे खतही वाढत जाईल.

म्हणून सुरुवात खाद्यापासून करावी. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच द्यावे आणि उरलेले लगेच जाळीने उचलावे. मासे कडेला येऊन तोंड उघडतात म्हणजे ते उपाशी आहेत असे नव्हे. कोईंना माणसाची सवय लागली की ते पोट भरलेले असतानाही येतात. दर आठवड्याला दहा टक्के, म्हणजे सुमारे 600 लिटर, पाणी काढून तेवढेच नवे भरावे. उन्हाने आटलेले पाणी भरून काढणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही: वाफ होऊन फक्त पाणी जाते, विरघळलेले सारे मागे राहते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यास ते सोडियम थायोसल्फेटने आधी निष्प्रभ करावे. फिल्टरचा स्पंज तळ्यातूनच काढलेल्या पाण्यात पिळावा, कारण क्लोरीनयुक्त पाण्याने त्यातील जिवाणू मरतात. आणि ते गढूळ पाणी तळ्यात परत न ओतता झाडांना घालावे.

आता हातातल्या शेवाळाविषयी. एक धागा बोटांत धरून पाहा. तो रेशमासारखा बुळबुळीत लागला तर शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला स्पायरोगायरा असण्याची शक्यता आहे. ओल्या कापसासारखा खरखरीत आणि फाटे फुटलेला असेल तर बहुधा क्लॅडोफोरा. खरखरीत जात दगड घट्ट धरून बसते आणि तिला दोन-तीनदा हात फिरवावा लागतो. एरवी दोन्हींवर उपाय एकच. खडबडीत काठी किंवा जुना ब्रश पाण्यात बुडवून एकाच दिशेने फिरवत राहिले की धागे सुताच्या गुंडीसारखे गुंडाळले जातात. उन्हाच्या दिवशी दुपारी हे काम सोपे जाते, कारण शेवाळाने सोडलेल्या प्राणवायूचे बुडबुडे त्याच धाग्यांत अडकतात आणि त्याचे थर तळ सोडून वर येतात. काढलेले शेवाळ काठावर ठेवू नये. कुजले की पावसाबरोबर पुन्हा तळ्यात उतरते. भिंतीवरची आखूड हिरवी साय मात्र राहू द्यावी. तीही पाण्यातील पोषण घेते आणि गोल्डफिश तिला दिवसभर टोचत असतात.

सावली हा माझ्या मते सर्वांत टिकाऊ उपाय आहे. कुमुदिनीच्या पानांनी निम्म्याहून थोडा अधिक पृष्ठभाग झाकला गेला तर तळाशी ऊन कमी पोहोचते आणि वनस्पती तेच नायट्रेट स्वतःसाठी घेतात. कोई कुमुदिनीच्या कुंडीतली माती उकरतात, म्हणून वर मोठे गोटे ठेवावेत.

औषधाविषयीची माझी भीती अनुभवातून आलेली आहे. एका तळ्यात दाट शेवाळावर एकदम पूर्ण मात्रा टाकली गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळत होते, आणि त्यांतील मोठे मासे आधी गेले. औषध विषारी नव्हते. एकाच वेळी मेलेले शेवाळ कुजू लागले आणि कुजवणाऱ्या जिवाणूंनी पाण्यातील प्राणवायू संपवला. दिवसा प्राणवायू तयार करणारे शेवाळ आता उरले नव्हते, आणि पाणी कोमट असल्याने त्यात मुळातच प्राणवायू कमी मावत होता. त्यामुळे कोणतेही औषध वापरायचे झाल्यास आधी हाताने बहुतेक शेवाळ काढावे, मात्रा तळ्याच्या खऱ्या घनफळावरूनच मोजावी आणि हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. तांब्याचे क्षार असलेली औषधे माशांच्या तळ्यात वापरूच नयेत, विशेषतः पाणी मृदू, म्हणजे कमी क्षारांचे, असेल तेथे: तांबे कुजून नाहीसे होत नाही, ते कल्ल्यांना इजा करते आणि गोगलगायी मारते.

प्रश्न : जवाचा पेंढा टाकल्याने शेवाळ जाते असे ऐकले. ते खरे आहे का?

उत्तर : असलेले शेवाळ त्याने जात नाही; नवे येण्यास मात्र काही तळ्यांत अटकाव झालेला दिसतो. पेंढा कुजू लागल्यावरच त्याचा परिणाम होतो आणि त्याला काही आठवडे लागतात, म्हणून तो उन्हाळ्याच्या आधी, जाळीच्या पिशवीत सैल भरून, वाहत्या पाण्यात ठेवावा. काळा पडून विरू लागला की काढून टाकावा.

प्रश्न : शेवाळ खाणारे मासे सोडले तर हा त्रास संपेल का?

उत्तर : नाही. गवत्या मासा (ग्रास कार्प) मऊ पाणवनस्पती आधी फस्त करतो आणि सावली देणारी झाडेच गमवावी लागतात. शिवाय कोणताही मासा जे खातो त्याचा मोठा भाग विष्ठा आणि अमोनिया म्हणून त्याच पाण्यात परत येतो. दाटीच्या तळ्यात आणखी मासे सोडण्याऐवजी दोन कोई ऐसपैस तळे असलेल्या कोणाला देता आले तर ते अधिक उपयोगी पडेल.