हुद्दा, खंडपीठ आणि मालकाची जबाबदारी

मुंबईत कामगार आणि अपघात-भरपाईच्या दाव्यांवर काम सुरू करताना नेमणूकपत्रावरील ‘व्यवस्थापक’ हा हुद्दा पाहून तो माणूस कायद्याने ‘कामगार’ नाही, असे मत बनवू नका. रजा कोण मंजूर करतो, हजेरीपटावर सही कोणाची असते, हे कागदपत्रांतून शोधा, कारण न्यायालय नावापेक्षा प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहते. मालकाची जबाबदारी ठरवतानाही चूक करणारा किती वरच्या पदावर होता यापेक्षा ती चूक नोकरीच्या कामाच्या ओघात घडली का, हा प्रश्न निर्णायक असतो. कंपनीच्या कामासाठी गाडी चालवत निघालेल्या व्यवस्थापकाच्या निष्काळजीपणामुळे सोबत घेतलेला प्रवासी दगावला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये पुष्पाबाई उदेशी प्रकरणात कंपनीलाच जबाबदार धरले. हा निकाल मुळातून वाचा. सारांशावर भागवणे मला अजिबात मान्य नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल दाखवताना मात्र तो एकल न्यायमूर्तींचा की दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाचा, हे आधी तपासा, कारण नागपुरात बसलेल्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाचा निकाल मुंबईच्या फोर्टमधील एकल न्यायमूर्तींनाही पाळावा लागतो. आणि जखमी माणूस कंत्राटदाराचा असला, तरी काम मूळ धंद्याचाच भाग असेल, तर मुख्य मालकाला, म्हणजे कंत्राट देणाऱ्याला, पक्षकार केल्याशिवाय अर्ज दाखल करू नका.