प्रीॲम्प की पॉवर ॲम्प? बोनस कुठे घालायचा

प्रश्न: घरी 20 वर्षांपूर्वीचा प्रीॲम्प (साधन निवडणारा, आवाज कमी-जास्त करणारा डबा) आणि 50 वॅटचा पॉवर ॲम्प (स्पीकर चालवणारा डबा) आहे. आवाज अगदी कमी ठेवला की डावा स्पीकर गप्प होतो, नॉब फिरवताना खरखर येते आणि आवाज वाढवला की ड्रमचा ठोका बोथट होतो. बोनस मिळालाय, पण तो एकाच डब्याला पुरेल. मित्र म्हणतो, प्रीॲम्प बदल. विक्रेता म्हणतो, पॉवर ॲम्प घ्या, हप्त्यांवर देतो. अडीअडचणीसाठी दोन महिन्यांचा खर्च बाजूला आहे.

उत्तर: तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्या दोन वेगळ्या डब्यांच्या आहेत. म्हणून मित्रही चुकत नाही आणि विक्रेताही. फक्त दोघांनी तुमचं निम्मंच ऐकलंय.

खरखर आणि डावी बाजू गप्प होणं, हे बहुधा व्हॉल्यूम नॉबमागच्या पोटेन्शिओमीटरचं, म्हणजे नॉबबरोबर फिरून सिग्नल कमी-जास्त करणाऱ्या भागाचं दुखणं. आतली पट्टी मळते, झिजते. तो साफ करणं किंवा बदलणं, हा नव्या प्रीॲम्पच्या तुलनेत किरकोळ खर्च. दुरुस्तीला जाताना पॉवर ॲम्पही घेऊन जा. 20 वर्षांत आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) वाळतात, बोथट ठोक्याचं कारण तेही असू शकतं.

त्याआधी एक फुकटची चाचणी करा. तुमच्या स्ट्रीमरला (इंटरनेटवरून गाणी वाजवणाऱ्या डब्याला) स्वतःचा व्हॉल्यूम असेल तर प्रीॲम्प वगळून तो थेट पॉवर ॲम्पला जोडा. (आवाज आधी तळाला आणा, नाहीतर स्पीकरचा खर्च वाढेल!) आजची बहुतेक साधनं सुमारे 2 व्होल्ट देतात आणि बऱ्याच पॉवर ॲम्पना पूर्ण ताकदीला तेवढेच लागतात. म्हणजे प्रीॲम्प बहुतेक वेळा सिग्नल वाढवत नाही, कमीच करतो. थेट जोडल्यावर ऐकायला बरं वाटलं, तर नवा प्रीॲम्प कशासाठी? रेकॉर्ड प्लेअर असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्या पिनेतून जेमतेम 5 मिलिव्होल्ट येतात, तिथे तो सिग्नल वाढवणारा चांगला फोनो प्रीॲम्प लागतोच. पण तो छोटा वेगळा डबाही मिळतो.

चाचणीनंतरही ठोका बोथटच राहिला, तर पॉवर ॲम्पकडे वळा. इथे वॅटच्या आकड्याला भुलू नका. 50 वरून 100 वॅट म्हणजे फक्त 3 डेसिबल, कानाला जेमतेम जाणवणारा फरक. आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे 10 पट वॅट लागतात. रोजच्या ऐकण्यात तुमचा ॲम्प एखादाच वॅट देत असेल. ठोक्याच्या क्षणी मात्र त्याच्या कितीतरी पट मागणी येते. स्पीकरच्या पुस्तिकेत किमान ओहम (विजेला होणारा अडथळा) बघा; ओहम जितके कमी, तितका ॲम्पला जास्त करंट द्यावा लागतो. 8 ओहमचे म्हणवणारे कित्येक स्पीकर मध्येच 3-4 ओहमपर्यंत खाली येतात, आणि ॲम्पच्या मागे ‘6 ओहमच्या खाली जोडू नये’ असं लिहिलेलं असेल तर तुमचं उत्तर तिथेच आहे. म्हणून माझं मत: दोघांत निवडायचंच झालं तर पॉवर ॲम्प, आणि तोही स्पीकरला पुरेसा करंट देऊ शकणारा.

पैशाच्या बाजूनेही मी तेच सांगेन. पॉवर ॲम्पला एक इनपुट आणि एक आउटपुट. त्यात कालबाह्य व्हायला फारसं काही नसतं, त्यामुळे नीट तपासलेला जुनाही चालतो. नव्या जोडण्या आणि आतला डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा भाग) बदलत राहतो तो प्रीॲम्पचा, म्हणून त्याची किंमत लवकर उतरते.

हप्ता मात्र नको. ‘बिनव्याजी’ म्हणताना रोखीची सवलत सोडावी लागतेय का, वर प्रक्रिया शुल्क आहे का, हे विचारून बघा. आणि तुमच्याकडे बाजूला दोनच महिन्यांचा खर्च आहे. मी सहा महिन्यांचा धरते. दुरुस्ती उरकली की उरलेल्या बोनसचा मोठा वाटा तिकडे टाका, धाकटा वाटा ॲम्पसाठी वेगळा ठेवा. (पूर्ण कोरडं राहायला सांगत नाही, असा सल्ला कोणी पाळत नाही.)

खरेदीची वेळ आली की दोन ॲम्प शेजारी ठेवून ऐका, पण दोघांचा आवाज मीटरने मोजून सारखा करून मागा. जरासा मोठा वाजणारा डबा नेहमीच ‘चांगला’ वाटतो. हे करायला विक्रेता तयार नसेल, तर त्या दिवशी रिकाम्या हाताने परत या.