जुलैत बेसमेंटमध्ये पाणी, मार्चमध्ये बोअर कोरडी

प्रश्न: आमची सोसायटी घोडबंदर रोडला, मागे येऊरचा डोंगर. पावसाळ्यात बेसमेंटच्या भिंतींतून पाणी झिरपतं, पंप लावून उपसावं लागतं, आणि मार्च लागला की बोअर आटते, मग टँकर. मीटिंगमध्ये एकाने सुचवलंय की खर्च करण्याआधी पाण्याचं मॉडेल करून घ्या. कॉम्प्युटरला जमिनीखालचं काय कळणार?
- एक वाचक, ठाणे

उत्तर: कॉम्प्युटरला दिसत काहीच नाही हो, तो हिशोब ठेवतो. जागेचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात पाणी किती आलं, किती गेलं, किती उरलं हे मोजत राहायचं, बस. वरच्या वाहत्या पाण्याला फ्रेंच अभियंता सां-वेनाँ यांची १८७१ ची समीकरणं, पाणी किती खोल आणि किती वेगात वाहील हे सांगणारी; खालच्याला फ्रेंच अभियंता डार्सी यांचा १८५६ चा नियम, पाणी जमिनीतून किती वेगाने झिरपेल हे सांगणारा, तो त्यांनी फ्रान्समधल्या दिजाँत वाळू भरलेल्या नळ्यांतून पाणी सोडून काढला. वरचा हिशोब सेकंदासेकंदाचा, खालचा दिवसादिवसाचा, म्हणून दोन्ही जोडणं किचकट.

आता तुमचं बघू. आपल्याकडे खाली वाळू नाही, काळा कातळ आहे, त्यात पाणी राहतं ते फक्त भेगांत. वरच्या मुरमात पाऊस पटकन मुरतो, कातळाला अडतो आणि डोंगराच्या उताराने आडवा सरकत येतो, तुमच्या भिंतीतून येतंय ते बहुतेक हेच. आणि बोअर मारताना माती ढासळू नये म्हणून मुरमातून केसिंग पाईप घालून कातळात टेकवतात, त्यामुळे हे पाणी बोअरमध्ये थेट उतरतच नाही! म्हणजे एकाच आवारात पाण्याचे दोन थर, आणि मॉडेलमध्ये दोन्ही हवेत, शिवाय नाला खाडीला मिळतो तिथली भरतीसुद्धा. नुसत्या गटारांचं मॉडेल कोणी देत असेल तर मी तरी घेणार नाही.

पाणी कमी नाहीये. एक एकर आवारावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण ४ लाख लिटर, दहा हजारी टँकर धरले तर चाळीस.

पण मॉडेल पडताळायला तुमच्या जागेचे आकडे लागतात आणि ते कोणाकडे तयार नसतात, म्हणून आधी वॉचमनला एक वही द्या. दर रविवारी सकाळी पंप सुरू करायच्या आधी बोअरमधली पातळी, बेसमेंटचा पंप किती तास चालला ते, आणि गच्चीवर साधं पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस. मे महिन्यातच सुरुवात करा, पहिल्या पावसाआधीची पातळी परत मिळत नाही.