मानसशास्त्राच्या एम.ए. प्रवेशाची तयारी: सुरुवातीला एवढेच पाहा

धुळ्यात बी.ए. पूर्ण करून समुपदेशनाकडे वळण्याचा तुमचा निर्णय मला मनापासून आवडला, कारण अहिराणीत सांगितलेले दुःख अहिराणीतच ऐकून घेणाऱ्या समुपदेशकांची आपल्या खान्देशाला फार गरज आहे.

सर्वांत आधी समुपदेशन आणि चिकित्सा मानसशास्त्र (क्लिनिकल सायकॉलॉजी) यांतला फरक समजून घ्या. नुसत्या एम.ए.च्या पदवीवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करता येत नाही; त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. ही चौकशी न करता प्रवेश घेणारे विद्यार्थी पुढे हळहळतात.

उद्देशपत्रात, म्हणजे हा विषय का शिकायचा आहे हे सांगणाऱ्या प्रवेशअर्जासोबतच्या लेखात, ‘मला लोकांना मदत करायला आवडते’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जण लिहितो. त्याऐवजी रावेर-यावलकडे वादळात केळीची बाग आडवी झाल्यावर एखाद्या घरातले बोलणे कसे थांबले, हे तुम्ही स्वतः पाहिले असेल, तर ते नावगाव उघड न करता नेमकेपणाने लिहा. तुमची निरीक्षणशक्ती तिथेच दिसते.

आणखी काही चुका टाळा:

- शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना शेवटच्या आठवड्यात गाठू नका.
- केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजीचा (पदव्युत्तर प्रवेशाच्या सामाईक परीक्षेचा) अर्ज भरला, म्हणजे प्रवेशअर्ज झाला असे समजू नका. विद्यापीठाची स्वतंत्र नोंदणी बहुधा करावीच लागते.
- ओबीसी प्रमाणपत्र केंद्रीय विद्यापीठांत केंद्राच्या नमुन्यातच लागते, त्यामुळे तहसील कार्यालयात तसे स्पष्ट सांगा.
- केवळ पुण्या-मुंबईवर विसंबू नका. आपल्या जळगावच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतही चौकशी करा.

पीएच.डी.चा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि उद्देशपत्राचा पहिला मसुदा याच आठवड्यात लिहायला घ्या.