केळवणाचे ताट पुढे येते तेव्हा

प्रश्न : माझे वय चोवीस असून मी नाशिकला नोकरी करते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मला ॲनोरेक्सिया नर्व्होसा (वजन वाढण्याच्या भीतीने माणूस खाणे टाळत जातो असा आजार) असल्याचे निदान झाले. तेव्हापासून मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ या दोघांचे उपचार सुरू आहेत. आता घरी ठरलेल्या वेळी ठरलेले जेवण मी बहुतेक दिवस पूर्ण करते. मार्गशीर्षात मोठ्या बहिणीचे लग्न आहे आणि घराला केळवणांची आमंत्रणे येऊ लागली आहेत. एके काळी पुरणपोळी माझ्या विशेष आवडीची होती. आता ती ताटात पडली की मनात हिशेब सुरू होतो. ‘तब्येत सुधारली हो तुझी’ असे कोणी म्हटले, तर त्यानंतरचा घास उतरत नाही. मग मी डोके दुखण्याची सबब सांगून घरी थांबते आणि सगळे गेल्यावर एकटीच रडत बसते. मला पूर्वीसारखे चारचौघांत, चवीने जेवता येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : येईल. मात्र ते कोणत्या क्रमाने येते हे आधी समजून घेतले, तर या लग्नसराईत तुम्ही स्वतःवर कमी रागवाल. या आजारातून बाहेर पडताना माणसाला आधी जेवता येऊ लागते, आणि चव, ओढ, जेवणातली मजा या गोष्टी बऱ्याच मागाहून येतात. मधल्या काळात ताट पूर्ण होते पण आनंद होत नाही, आणि रुग्णाला वाटते की उपचार फसले. ते फसलेले नसतात.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून त्यांच्या शरीरावर आणि मनावर होणाऱ्या परिणामांची नोंद केली होती. त्या तरुणांना आधी खाण्याचा कोणताही आजार नव्हता, तरीही ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. काहींनी पाककृती जमवायला सुरुवात केली, पुढ्यातले जेवण ते तासन्‌तास पुरवून खात आणि मित्रमंडळींत मिसळणे त्यांनी जवळजवळ सोडून दिले. पोटभर अन्न मिळू लागल्यावरही त्यांची मने लगेच पूर्ववत झाली नाहीत. त्याला अनेक महिने लागले. चारचौघांत जायचे टाळणे, ताटाकडे पाहून हिशेब करणे, दुसऱ्यांनी काय खाल्ले यावर लक्ष ठेवणे हा आपला स्वभावच आहे असे तुम्हाला वाटत असेल, तर त्यातला मोठा भाग उपासमारीचा आहे हे या प्रयोगावरून लक्षात येईल. उपासमार थांबून पुरेसा काळ गेला की तो भाग ओसरतो.

शरीराचेही तसेच असते. दीर्घकाळ कमी खाल्ल्यामुळे जठर सावकाश रिकामे होते, म्हणून थोड्याशा जेवणानेही पोट गच्च झाल्यासारखे वाटते. ‘भूक लागली की जेव, पोट भरले की थांब’ हा एरवी चांगला असलेला सल्ला तुम्हाला अजून काही काळ उपयोगाचा नाही, कारण भूक आणि तृप्ती यांच्या खुणा सध्या भरवशाच्या नाहीत. तीन जेवणे, मध्ये दोन किंवा तीन वेळा खाणे आणि दोन खाण्यांत साधारण चार तासांपेक्षा जास्त अंतर न ठेवणे, ही घडी समारंभाच्या दिवशीही मोडू नये. दुपारी केळवण आहे म्हणून सकाळचा नाश्ता सोडणे हा सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत महागात पडणारा हिशेब असतो. उपाशीपोटी पंगतीला बसले की ताबा सुटण्याची भीती दुप्पट होते. मग काही जण पानाला हातच लावत नाहीत, तर काही जण भराभर खातात आणि नंतर पश्चात्तापाने होरपळतात. दोन्ही वेळा खापर समारंभावर फुटते, खरे कारण मात्र सकाळच्या रिकाम्या पोटात असते.

आता केळवणाविषयी. शक्य असेल तिथे बुफेपेक्षा पंगत निवडा, किंवा घरच्यांना आधी सांगून वाढलेले ताट मागा. बुफेत पन्नास पदार्थांपुढे उभे राहून प्रत्येकाचा निवाडा करावा लागतो आणि नेमके हेच तुमच्या आजाराला हवे असते. पंगतीत पान कसे वाढायचे ते ठरलेले असते : डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाज्या आणि आमटी; मध्ये वरण-भाताची मूद आणि तिच्यावर तूप; मग पोळी, गोड, शेवटी मसालेभात आणि मठ्ठा. सगळ्यांच्या पानात सारखेच असते, सगळे एकाच वेळी जेवतात आणि सोबतच उठतात. हा क्रम तुम्हाला आधार देईल. तुमच्या आहारतज्ज्ञांबरोबर बसून या पानातले काय आणि किती घ्यायचे ते आदल्या दिवशी ठरवा, आणि पानावर बसल्यावर तो निर्णय पुन्हा उघडू नका.

पुरणपोळीची पहिली भेट मात्र केळवणात नको. त्याआधी दोन-तीनदा ती घरी करवून घ्या, विश्वासातल्या एका माणसाबरोबर बसा, आणि तूप किंवा दूध ज्याच्याबरोबर पूर्वी आवडायची त्याच्याबरोबर खा. पहिल्यांदा बहुधा चव कळणारसुद्धा नाही, सगळे लक्ष भीतीकडे असेल. तोच पदार्थ पुन्हा पुन्हा, काही अघटित न घडता खाल्ला गेला की भीतीची धार बोथट होते आणि मग वेलचीचा वास, कडेचा खरपूसपणा अशा बारीकसारीक गोष्टी जाणवू लागतात. माझ्याकडे येणाऱ्या अनेकींना ही ओळख अशीच, तुकड्या-तुकड्याने परत मिळालेली मी पाहिली आहे.

एका सवयीविषयी स्पष्ट बोलायला हवे. या आजारात अनेक मुली स्वयंपाकघरात आणि वाढण्यात फार रमतात. सगळ्यांना आग्रहाने वाढतात, स्वतः ‘शेवटच्या पंगतीला बसते’ म्हणतात आणि ती पंगत कधी येतच नाही. घरचे त्यांचे कौतुक करतात, त्यामुळे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तुम्ही पहिल्या पंगतीत बसा. ताईला औक्षण करा, उखाण्याचा हट्ट धरा, फोटो काढा, पण पाने मांडली की तुमचे पान त्यात असू द्या. आनंद जेवणाच्याच वाटेने यायला हवा अशी अट घालू नका; आज तो बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहून आला आणि जेवण नुसते पार पडले, तरी तो दिवस चांगला गेला असे खुशाल समजा.

तब्येतीवरच्या शेऱ्यांचे काय करायचे? ‘तब्येत सुधारली’ हे म्हणणाऱ्या काकूंच्या दृष्टीने आशीर्वादासारखे असते आणि तुमच्या कानाला ते ‘जाड झालीस’ असे ऐकू येते. तिथे आजार समजावून सांगत बसण्याची गरज नाही. ‘हो, बरी आहे आता. तुमचा गुडघा काय म्हणतोय?’ एवढे उत्तर पुरते आणि विषय गुडघ्याकडे वळतो. आग्रह झाला तर ‘लागले की मी मागून घेईन’ असे सांगा. ‘पोट भरले’ हे उत्तर मात्र ठरवलेले पान संपण्याआधी देऊ नका, कारण ते अनेकदा आजाराच्या तोंडून आलेले असते. शेजारी आई किंवा ज्या व्यक्तीला सगळे ठाऊक आहे अशी एक मावसबहीण बसली, तर शेरा आला की विषय बदलण्याचे काम तिच्यावर सोपवता येईल.

घरी परतल्यावर रात्रीचे जेवण वेळेवर घ्या. दुपारी जड झाले म्हणून नुसते ताक, जास्तीची चाल, दुसऱ्या दिवशीचा वजनकाटा, यांतले काहीही नको. मार्गशीर्षातल्या गुरुवारांचे उपवासही या वर्षी धरू नका. आजारी माणसाला उपवासातून सूट देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे, आणि तुम्ही आजारातून उठत आहात. पूजा करा, कथा वाचा, आणि नेहमीसारखे जेवा. उपवास हा या आजाराला मिळणारा सर्वांत प्रतिष्ठित आडोसा आहे, म्हणून इतके ठासून सांगते.

लग्नाचे ब्लाउजही आताच्या मापाने नवे शिवून घ्या. आजारपणातला जुना ब्लाउज अंगावर चढवून पाहण्याच्या मोहाने कित्येकींचे महिन्यांचे कष्ट एका संध्याकाळी मागे गेले आहेत. तो आईकडे देऊन टाका आणि शिंप्याला नव्याच्या शिवणीत थोडी माया ठेवायला सांगा.

यांतले काहीही तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी नाही. वजन पुन्हा घटू लागले, पाळी थांबली, भोवळ येऊ लागली, छातीत धडधड होऊ लागली किंवा जेवणानंतर उलटी काढण्याची सवय लागली, तर लग्न उरकेपर्यंत वाट पाहू नका. वारंवार उलट्यांमुळे शरीरातले पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते. मन फारच खचले तर टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही.

प्रश्न : माझी भाची अशाच आजारातून बरी होत आहे. पुढच्या महिन्यात तिच्या भावाचे केळवण आमच्याकडे आहे. तिला आग्रह करावा की करू नये? काहीच न बोलता वाढले तर तिला परके वाटेल, अशी भीती वाटते. – एक मावशी, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही विचारलेत यातच तिचे अर्धे काम हलके झाले. ती येण्याआधी तिला किंवा तिच्या आईला फोन करून त्या दिवशी काय काय रांधणार आहात आणि पाने किती वाजता मांडणार आहात ते सांगा, आणि ती वेळ खरोखर पाळा. बारा वाजताचे जेवण अडीच वाजता होणे हे तिच्यासाठी फार अवघड असते. पान सगळ्यांसारखेच वाढा. एकदा ‘आणखी देऊ का?’ असे जरूर विचारा, ती नको म्हणाली की पुढे व्हा. तिने किती खाल्ले, किती टाकले याची मोठ्याने नोंद घेऊ नका, आणि ‘आज छान जेवलीस हं’ अशी शाबासकीही देऊ नका. शाबासकीनेसुद्धा सगळ्यांच्या नजरा तिच्या ताटाकडे वळतात. तिच्या अंगाविषयी काहीच बोलू नका आणि तुमच्या स्वतःच्या अंगाविषयीही नको. ‘मी आता गोड सोडले आहे बाई’ हे वाक्य तिच्या शेजारी बसून म्हटले, तर तिच्या पानातली जिलबी तिथेच राहील. तिच्याशी गप्पा मारा, नोकरीच्या, भावाच्या, लहानपणीच्या. तिला परके वाटू नये यासाठी आग्रहापेक्षा याचाच जास्त उपयोग होईल.

ती जेवताना मध्येच उठली, तर सगळ्यांनी मागे धावू नये. तिच्या आईने किंवा तुम्ही एकटीने थोड्या वेळाने जाऊन तिच्याजवळ बसावे. आणि ऐन वेळी ती आलीच नाही, तरी पुढच्या सणाला तिला बोलावणे पाठवा. वारंवार नकार आला की नातेवाईक कंटाळून किंवा तिला त्रास नको म्हणून बोलावणेच बंद करतात, आणि जेव्हा तिची यायची तयारी होते, तेव्हा तिला कोणी विचारलेले नसते.